मूठ

सकाळी सात वाजता हात माझे नसतात.
उशीजवळ पडलेली असते
कुणाची तरी रबरी हातमोज्यांची जोडी,
बर्फात विसरलेली.

लगेच हाक मारत नाही त्यांना.
आधी गव्हाची पिशवी गरम करून आणते कोपरांवर तोलून,
तिच्याखाली झोपवते दोघांना,
आणि खिडकीतून बघत बसते
मातोझिन्योशच्या बंदरातल्या क्रेन,
माझ्याहून वयानं लहान, माझ्याहून ताठ.

तिथंच होता आमचा कारखाना.
होड्या लागल्या की भोंगा,
रात्री दोनला, पहाटे चारला,
आणि आम्ही बायका एप्रन बांधत पळत सुटायचो.
सार्डिनचं डोकं, मग आतडं, मग मिठाचं पाणी,
मग डबा.
शेपटी-डोकं, शेपटी-डोकं.
बत्तीस वर्षं हातावर पोट,
आणि माशांच्या पोटाचा वास हाताला.

मुकादम अबीलियुच्या नावानं
सगळ्याजणी बोटं मोडायचो, कडाकडा, दहाच्या दहा.
त्यानंच संधिवात झाला,
असं झुल्मिरा शपथेवर सांगते.
तेल्मू हसतो.
बोटं मोडून होत नाही हा आजार, दोना एर्मेलिंदा,
मुकादमाला हव्या तेवढ्या शिव्या घाला.

तेल्मू फिजिओथेरपिस्ट. सत्ताविशीचा.
त्याची आजी टेबल नंबर नऊवर माझ्या शेजारी उभी असायची.
पहिल्या दिवशी म्हणाला, मूठ वळा.
बोटांची टोकं आणि तळवा यांच्यात
अख्खं अंडं मावेल एवढी फट राहिली.
झाकली मूठ सव्वा लाखाची;
माझी झाकतच नव्हती,
आत काय नाही ते साऱ्या दवाखान्याला दिसत होतं.

मग रोज, पिशवीच्या उबेनंतर:
अंगठा तर्जनीला. अंगठा मध्यमेला.
अंगठा अनामिकेला, जिच्यावरची अंगठी
मार्चमध्ये अग्निशमन दलाच्या पोरानं कापून काढली.
आदेलिनु जाऊन सहा वर्षं झाली होती.
मी रडले नाही. बोट निळं पडलं होतं.
अंगठा करंगळीला.
ती अजून येत नाही, अर्ध्या वाटेवर भेटतात दोघं.

सेंट जॉनच्या रात्री मात्र फुशारकी नडली.
बघा माझे हात, म्हणत
दोन पेट्या सार्डिन साफ केल्या एकटीनं, जुन्या वेगानं.
पुढचे तीन दिवस चमचा धरवेना,
सूप सुनेनं भरवलं.
तेल्मू रागावला नाही. म्हणाला,
दुखणं दोन तासांत उतरलं तर ठीक,
नाही उतरलं तर उद्या निम्मं.
निम्मं.
हा शब्द आमच्या कारखान्यात नव्हता.

मंगळवारी, गुरुवारी पालिकेच्या तलावात
छातीभर कोमट पाण्यात चालतो आम्ही,
आठ जणी, देओलिंदा पिवळी टोपी घालून पुढे.
वळताना दाटी होते,
कुणीतरी ओरडतं, शेपटी-डोकं!
आणि इतक्या हसतो की शिट्टी वाजते.
बाकीच्या दिवशी धक्क्याच्या भिंतीवरून दीपगृहापर्यंत,
गुडघा कुरकुरला की बाकावर, मग परत.
लोणी सोडलं. वजन सहा किलो उतरलं.
गुडघ्याला ते चोवीस वाटतं म्हणे, पावलागणिक.
मला शाळेत भागाकार आला नाही,
गुडघ्याला गुणाकार येतो.

झुल्मिरा अजून मेणबत्त्या लावते माझ्या नावानं.
लावू दे. काडी ओढायला तिचीही बोटं हलतात.

काल तेल्मूनं पट्टी लावून फट मोजली,
वहीत आकडा लिहिला.
उरलेली बहुतेक भरायची नाही, हेही सांगितलं,
नजर न चोरता, आजीसारखं.

ऑलिव्हएवढी आहे आता.
घरी येऊन खरंच एक ऑलिव्ह ठेवलं तिथं,
मूठ वळली, धरलं,
खाल्लं,
आणि बी थुंकली खिडकीबाहेर,
क्रेनच्या दिशेनं.